वडील ५४व्या वर्षी हृदयविकाराने गेले, मी रोज एक ग्लास रेड वाईन सुरू करू का?

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. इतरांनाही कळावा म्हणून थोडक्यात मांडते. वय ४९, बेळगावातल्या शहापूरला कापडाचं दुकान, म्हणजे दिवसभर गादीवर बसून काम. दोन वर्षांपासून रक्तदाबाची एक गोळी. एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी साखर, ६.१, सोनोग्राफीत ग्रेड वन फॅटी लिव्हर. वडील ५४व्या वर्षी हार्ट अटॅकने गेले. आजवर दारूला हात लावलेला नाही, घरात तुळशीची माळ आहे. आता म्हापशाचे मेहुणे चोर्ला घाटातून येताना रेड वाईनची बाटली घेऊन आले आणि म्हणाले, जेवणानंतर रोज एक ग्लास घ्या, हार्टला चांगली, डॉक्टरच सांगतात. वहिनींना ते मान्य नाही. वाईन नको तर द्राक्षं, बेदाणे, रेझवेराट्रॉल या द्राक्षातल्या घटकाच्या कॅप्सूल किंवा द्राक्षासव चालेल का, असंही तुम्ही विचारलंत.

उत्तराआधी एक गोष्ट. शेवटच्या ओळीत तुम्ही सहज लिहून गेलात की दुकानाच्या माळ्यावर जिना चढून गेलं की कधीकधी छाती भरून आल्यासारखी वाटते आणि थांबलं की बरं वाटतं. तुमच्या अख्ख्या प्रश्नात मला सगळ्यात महत्त्वाची वाटली ती ही ओळ. तिच्याकडे मी शेवटी येतेच, पण तुम्ही पुढचं वाचायच्या आधी उद्या सकाळची डॉक्टरांची वेळ घेऊन ठेवा.

आता वाईन. तुमच्यासाठी माझं उत्तर स्पष्ट आहे: सुरू करू नका. सगळ्यांना मी हेच उत्तर देत नाही. साठीतला, रक्तदाब-साखर-लिव्हर व्यवस्थित असलेला माणूस महिन्यातून दोनदा मित्रांबरोबर एक ग्लास घेत असेल, तर त्याला मी घाबरवत नाही. किती आणि कधी एवढं विचारते आणि पुढच्या विषयाकडे वळते. पण जो मुळात पीत नाही, त्याने हृदयासाठी म्हणून सुरुवात करावी असं मी माझ्या ३१ वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये आता कुणालाच सांगत नाही. ‘आता’ म्हणते, कारण सुरुवातीच्या काळात मीसुद्धा रुग्णांना म्हणायचे की थोडी घेतलीत तर हरकत नाही, उलट फायदाच. तेव्हाची पुस्तकं तेच सांगत होती. माझं मत का बदललं ते सांगितलं तर तुम्हाला मेहुण्यांना उत्तर देता येईल.

ही गोष्ट सुरू झाली फ्रान्समधून. फ्रेंच लोक लोणी, चीज, मांस भरपूर खातात आणि तरी त्यांच्यात हृदयविकाराने होणारे मृत्यू कमी दिसतात, हे कोडं होतं. १९९१ साली अमेरिकेतल्या एका लोकप्रिय टीव्ही कार्यक्रमात सर्ज रेनो या फ्रेंच संशोधकाने रेड वाईनकडे बोट दाखवलं. १९९२ मध्ये त्यांचा लेख ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला आणि अमेरिकेत रेड वाईनचा खप एकदम वाढला. पुढे कोड्याची दुसरी उत्तरंही निघाली. फ्रान्समध्ये हृदयविकाराचे काही मृत्यू दाखल्यावर वेगळ्याच नावाने नोंदले जात होते. शिवाय तिथे चरबीचं खाणं इतर देशांपेक्षा उशिरा वाढलं होतं, आणि त्याचे परिणाम दिसायला काही दशकं जातात. पण ही उत्तरं टीव्हीवर तितक्या जोरात कुणी सांगितली नाहीत.

त्यानंतर बऱ्याच पाहण्यांमध्ये एकच चित्र दिसलं: खूप पिणारे लवकर मरतात, पण अजिबात न पिणारेही थोडं पिणाऱ्यांपेक्षा लवकर मरतात. यावरून थोडी दारू राखण करते असा निष्कर्ष निघाला. त्यातली खोच मला पुस्तकापेक्षा माझ्याच केसपेपरनी शिकवली. खानापूर तालुक्यातले एक शिक्षक माझ्याकडे यायचे. पहिल्या भेटीत ‘दारू घेता का?’ विचारल्यावर म्हणाले, नाही. मी केसपेपरवर लिहिलं: दारू, नाही. तीन-चार भेटींनंतर त्यांच्या पत्नीने सांगितलं की वीस वर्षं रोज पीत होते, कावीळ झाली तेव्हा सोडली. काही वर्षांनी ते हृदय निकामी होऊन गेले. माझा केसपेपर कुणी अभ्यासासाठी घेतला असता, तर ‘न पिणारा माणूस हृदयविकाराने गेला’ अशी नोंद झाली असती. दुसऱ्या बाजूला कॅम्पातले एक निवृत्त फौजी अधिकारी. रात्री जेवताना एक ग्लास वाईन, पहाटे पाच किलोमीटर चालणं, दरवर्षी तपासणी, पेन्शन, मुलं मार्गी लागलेली. ते ८६ वर्षं जगले. त्याच अभ्यासात त्यांची नोंद ‘थोडं पिणारा, दीर्घायुषी’ अशी झाली असती.

आजारपणामुळे सोडलेले लोक ‘न पिणाऱ्यां’च्या रांगेत बसतात आणि ती रांग मुळातच आजारी दिसते. ब्रिटनमधल्या संशोधकांनी १९८८ मध्येच हे दाखवून दिलं होतं. थोडं पिणाऱ्यांच्या रांगेत शिकलेले, बरं कमावणारे, तपासण्या करून घेणारे लोक जास्त. पुढे संशोधक टिम स्टॉकवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२३ मध्ये १०७ अभ्यास एकत्र करून असे दोष वजा केले, तेव्हा थोडं पिण्याचा म्हणण्यासारखा फायदा उरला नाही.

यावर तुमचा मेहुणा म्हणेल, हे सगळं आकड्यांचं राजकारण. म्हणून मला पटलेला दुसरा पुरावा सांगते. पूर्व आशियातल्या बऱ्याच लोकांच्या जनुकांत असा फरक असतो की दारू घेतली की चेहरा लाल होतो, मळमळतं, आणि ते आपोआप कमी पितात. हे जनुक जन्मतःच मिळतं. त्याचा शिक्षणाशी, पैशाशी, व्यायामाशी संबंध नसतो. म्हणजे निसर्गानेच चिठ्ठ्या टाकून लोकांना कमी आणि जास्त पिणाऱ्यांत वाटलं. चीनमधल्या सुमारे ५ लाख लोकांच्या अभ्यासाचा असा हिशोब २०१९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. नुसतं किती पिता हे विचारून केलेल्या हिशोबात थोडं पिणाऱ्यांना पक्षाघात कमी दिसत होता. जनुकांनुसार हिशोब केला तर तो फायदा नाहीसा झाला आणि पिणं वाढेल तसा पक्षाघात वाढताना दिसला. हार्ट अटॅकबाबत त्यात स्पष्ट संबंध निघाला नाही, ना फायद्याचा ना तोट्याचा. तिथले पुरुष वाईनपेक्षा कडक दारू पिणारे होते, हेही लक्षात ठेवायला हवं.

दुसरी बाजूही सांगायला हवी. २०२४ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या समितीने मध्यम प्रमाणात पिणाऱ्यांत एकूण मृत्यू कमी दिसतात असं म्हटलं, त्याचबरोबर स्तनाच्या कर्करोगाचा धोका वाढतो असंही म्हटलं. इस्रायलमध्ये मधुमेहाच्या २२४ रुग्णांना दोन वर्षं रोज रात्री १५० मिलिलिटर रेड वाईन, व्हाईट वाईन किंवा नुसतं पाणी देऊन पाहिलं. २०१५ मध्ये आलेल्या त्या अहवालात रेड वाईनवाल्यांचं एचडीएल, म्हणजे ज्याला आपण चांगलं कोलेस्टेरॉल म्हणतो, ते थोडं वाढलं. मेहुण्यांनी कदाचित हेच वाचलं असेल. पण एचडीएल वाढवणारी औषधं नंतर मोठ्या चाचण्यांत तपासली गेली आणि आकडा वाढूनही हार्ट अटॅक त्या प्रमाणात कमी झाले नाहीत. आकडा सुधारणं आणि माणूस वाचणं या दोन वेगळ्या गोष्टी निघाल्या. दारूने हार्ट अटॅक खरोखर टळतो का हे पाहणारी एक मोठी चाचणी अमेरिकेत सुरू झाली होती. तिला दारू कंपन्यांचा पैसा होता, तिच्या निष्पक्षपणावर प्रश्न उठले आणि २०१८ मध्ये ती बंद करण्यात आली.

आणि हे सगळे अभ्यास बहुतेक परदेशातले. आपल्या लोकांचं काय? ५२ देशांत झालेल्या ‘इंटरहार्ट’ अभ्यासात जगाच्या सरासरीत थोडं पिणं फायद्याचं दिसलं, पण दक्षिण आशियात तो फायदा दिसला नाही. भारतातल्या कारखान्यांमधल्या पुरुषांचा अभ्यास २०१० मध्ये आला, त्यात पिणाऱ्यांना हृदयविकार काहीसा जास्तच आढळला. त्याच ‘इंटरहार्ट’मधली दुसरी गोष्ट तुम्हाला जास्त लागू आहे: आपल्या भागातल्या लोकांना पहिला हार्ट अटॅक साधारण ५३व्या वर्षी येतो, बाकीच्या जगात ५९च्या आसपास. तुमचे वडील ५४व्या वर्षी गेले. तुमची भीती मला समजते, ती अनाठायी नाही.

‘एक ग्लास’ म्हणजे किती, हे मी रुग्णांना नेहमी मोजून दाखवते. १२ टक्क्यांची १५० मिलिलिटर वाईन म्हणजे सुमारे १४ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. ३० मिलिलिटरच्या व्हिस्कीच्या पेगमध्ये सुमारे १० ग्रॅम असतं. म्हणजे तुमचा औषधी ग्लास जवळपास दीड पेग, आणि एक बाटली म्हणजे सात पेग. अल्कोहोल तेच, लिव्हरला ते द्राक्षाचं की धान्याचं हे कळत नाही. गोव्याहून येणारी गोड पोर्ट वाईन असेल तर त्यात साखरही भरपूर. २०२२ मध्ये महाराष्ट्रात सुपरमार्केटमध्ये वाईन विकू द्यायची की नाही यावर वाद झाला, तेव्हा वाईन म्हणजे दारू नव्हेच असं बरंच ऐकू आलं. आपल्याकडे बातम्या तिकडच्याच बघतात, त्यामुळे बेळगावातही तो समज घट्ट बसला आहे. द्राक्ष उत्पादकाला चार पैसे मिळावेत असं मलाही मनापासून वाटतं, अथणीचे कितीतरी बागायतदार माझे रुग्ण आहेत. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने दारूला तंबाखूच्याच पहिल्या गटात, म्हणजे कर्करोग नक्की करणाऱ्या गोष्टींत, ठेवलं आहे, आणि त्यात वाईनला सूट नाही. तोंड, घसा, स्वरयंत्र, अन्ननलिका, यकृत, मोठं आतडं आणि स्त्रियांमध्ये स्तन, इतक्या ठिकाणच्या कर्करोगाशी तिचा संबंध आहे.

तुमच्या बाबतीत तर हिशोब आणखी सोपा. लिव्हरवर आधीच चरबी आहे, रक्तदाबाची गोळी चालू आहे, साखर काठावर आहे. अल्कोहोलने रक्तदाब वाढतो, ट्रायग्लिसराइड म्हणजे रक्तातली चरबी वाढते, लिव्हरमध्ये चरबी साठते. उद्या मधुमेहाच्या गोळ्या लागल्या तर त्यातल्या काहींबरोबर दारू घेतल्यास साखर धोकादायकरीत्या उतरते. निपाणीकडच्या एका व्यापाऱ्याने पन्नाशीत असाच हृदयासाठी ग्लास सुरू केला होता. दोन वर्षांत ट्रायग्लिसराइड दुप्पट झाले. त्यापेक्षा मला जास्त वाईट याचं वाटलं की तोवर ग्लासाचे दोन ग्लास झाले होते, आणि ते औषध म्हणून घेत असल्यामुळे घरात कुणाला अडवताही येत नव्हतं.

आता द्राक्षातल्या गुणाबद्दल. द्राक्षाच्या सालीत आणि बियांत पॉलिफेनॉल नावाची संयुगं असतात. काळ्या द्राक्षाचा रंग देणारी अँथोसायनिन सालीत, तुरट प्रोअँथोसायनिडिन मुख्यतः बियांत. रेड वाईन सालीसकट आंबवतात म्हणून ती संयुगं तिच्यात उतरतात, व्हाईट वाईनचा रस साल काढून आंबवतात म्हणून तिच्यात फार कमी. रेझवेराट्रॉल हे त्यातलं सगळ्यात गाजलेलं. २००६ मध्ये जाड उंदरांना ते दिल्यावर ते जास्त जगले, आणि तिथून कॅप्सूलचा बाजार उभा राहिला. पण उंदरांना दर किलो वजनामागे २२ मिलिग्रॅम रोज दिलं होतं. ७० किलोच्या माणसाला सरळ वजनाने ते दीड ग्रॅम होतं. लिटरभर रेड वाईनमध्ये साधारण दोन मिलिग्रॅम, म्हणजे रोज साडेसातशे लिटर वाईन. उंदराचा आणि माणसाचा डोस सरळ वजनाने काढत नाहीत, म्हणून तो दहा-बारा पटींनी कमी धरला तरी साठ-सत्तर लिटर. शिवाय पोटात गेलेलं बरंचसं रेझवेराट्रॉल शोषलं जातं खरं, पण आतडं आणि लिव्हर ते लगेच बदलून टाकतात, मूळ रूपात रक्तात अगदी थोडं उरतं. इटलीत कियांतीच्या वाईनच्या प्रदेशातल्या ६५ वर्षांवरच्या ७८३ लोकांच्या लघवीत रेझवेराट्रॉलचे अंश मोजून त्यांच्यावर नऊ वर्षं लक्ष ठेवलं. ज्यांच्यात जास्त, ते जास्त जगले नाहीत, त्यांना हृदयविकार किंवा कर्करोग कमी झाला नाही. २०१४ सालचा हा निकाल वाचल्यावर मी कॅप्सूलविषयी विचारणाऱ्यांना पैसे वाचवा असं सांगायला लागले. तुम्हालाही तेच सांगते.

मग द्राक्षं? जरूर खा. आपल्याकडे अथणी, विजापूर, तासगाव हाकेच्या अंतरावर. जानेवारी ते एप्रिल ताजा माल मिळतो, शरद सीडलेससारखी काळी द्राक्षंही मिळतात. २०१३ च्या एका मोठ्या अभ्यासात ब्ल्यूबेरी, द्राक्षं आणि सफरचंद अख्खी खाणाऱ्यांना मधुमेह कमी, आणि फळांचा रस पिणाऱ्यांना जास्त आढळला. वाईनच्या अभ्यासांना मी जो चष्मा लावला तोच इथेही लावायला हवा, फळं खाणारी माणसं इतर बाबतींतही सांभाळून असतात. फरक इतकाच की अख्ख्या फळात तुम्हाला नुकसान करणारं काही नाही. प्रमाण मात्र हवं: १०० ग्रॅम द्राक्षांत १६-१७ ग्रॅम साखर असते, तेव्हा तुमच्या साखरेला एका वेळी पंधरा-वीस द्राक्षं, जेवणाबरोबर नव्हे तर मधल्या वेळी. औषधफवारणी बरीच असते म्हणून वाहत्या पाण्यात चांगली धुऊन घ्या. बेदाण्यांत पाणी उडून गेलेलं असल्यामुळे वजनात निम्म्याहून जास्त साखरच. दहा-बारा बेदाणे पुरेत, मूठभर नकोत. पिवळेधमक बेदाणे गंधकाची धुरी दिलेले असतात, घरात कुणाला दमा असेल तर ते टाळा. आणि हीच रंगाची, तुरटपणाची संयुगं आपल्या जांभळांत, करवंदांत, कोकमात आहेत. मे-जूनमध्ये खानापूरच्या बायका पाट्या घेऊन येतात, त्यांच्याकडून घ्या. रेझवेराट्रॉल तर भुईमुगाच्या शेंगांतही थोडं असतं.

एक गोंधळ सोडवते, कारण आठवड्याला एकदा तरी हा प्रश्न येतो. रक्तदाबाच्या किंवा कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांबरोबर ‘ग्रेपफ्रूट’ नको असं इंटरनेटवर वाचून लोक द्राक्षं सोडतात. ग्रेपफ्रूट म्हणजे द्राक्ष नव्हे. ते आपल्या पपनसाच्या जातीचं आंबट फळ. काही गोळ्यांबरोबर ते आणि पपनसही टाळावं, द्राक्षांना ती अडचण नाही.

द्राक्षासवाचं विचारलंत. त्यात आंबण्यातून तयार झालेलं अल्कोहोल असतं, बाटलीवर तसं छापलेलं असतं, आणि गोडवाही असतो. वैद्यांनी काही कारणाने ठराविक दिवसांसाठी दिलं तर गोष्ट वेगळी. हृदयासाठी स्वतःहून रोज घेऊ नका. याच ओघात सांगते, आपल्याकडे सर्दी झालेल्या बाळाला ब्रँडीचे थेंब चाटवतात, बाळंतिणीला पोर्ट वाईन देतात. दोन्ही कृपा करून थांबवा. बाळाची साखर त्याने झपकन उतरते.

आता जिन्याकडे येते. श्रमाने छाती भरणं आणि थांबल्यावर बरं वाटणं, हे हृदयाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्याचं लक्षण असू शकतं. असेलच असं नाही, ॲसिडिटीने, स्नायूने, काळजीनेही होतं. पण तुमच्या वडिलांचा इतिहास असताना ते गृहीत धरायची जोखीम घेऊ नका. उद्याच ईसीजी काढा. तो नॉर्मल आला तरी तिथे थांबू नका, विश्रांतीतला ईसीजी अशा त्रासात बरेचदा नॉर्मलच येतो. इको आणि पुढे ट्रेडमिल टेस्ट की सीटी अँजिओ, हे तुम्हाला तपासून डॉक्टर ठरवतील. तोवर ट्रेडमिलवर किंवा मैदानावर स्वतःची परीक्षा घेऊ नका. उपाशीपोटी लिपिड प्रोफाईल करा, आणि आयुष्यात एकदा करायची लायपोप्रोटीन-ए (रक्तात कोलेस्टेरॉल वाहून नेणारा एक कण) ही तपासणीही सांगा. त्याचं प्रमाण आनुवंशिक असतं, डेसिलिटरला ५० मिलिग्रॅमच्या वर असेल तर तुमच्या भावंडांनाही तपासायला हवं. वडिलांचा इतिहास त्यांचाही आहे.

डॉक्टरांनी चालायला हिरवा कंदील दाखवला की आठवड्याला १५० मिनिटं चालणं आणि वजन ७ टक्के कमी करणं हे धरा. काठावरच्या साखरेच्या लोकांत याचा चिठ्ठ्या टाकून गट पाडून प्रयोग झालेला आहे, २००२ मध्ये निकाल आला, मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. वाईनने आजार टळल्याचा असा एकही प्रयोग माझ्याकडे नाही. व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर झाडांखाली सकाळी सहाला या, तुमच्यासारखी पुष्कळ मंडळी भेटतील. कोलेस्टेरॉलची गोळी लागेल का हे रिपोर्टवर ठरेल. लागली तर घाबरू नका. एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, कमी करून हार्ट अटॅक टळतो, याचे पुरावे भक्कम आहेत.

आणि तंबाखूबद्दल तुम्ही एक अक्षर लिहिलेलं नाहीत. आपल्या भागात चुना-तंबाखू, मशेरी, गुटखा हे लोक व्यसनात मोजतच नाहीत, म्हणून मी मुद्दाम विचारते. असेल तर उद्या डॉक्टरांना आधी ते सांगा.

छाती भरणं विश्रांतीतही आलं, पंधरा मिनिटांत गेलं नाही, घाम फुटला, दुखणं डाव्या हातात किंवा जबड्यात उतरलं, यातलं एक जरी झालं तर सकाळची वाट बघू नका. स्वतः गाडी चालवू नका, १०८ ला फोन करा किंवा मुलाला बरोबर घेऊन थेट मोठ्या हॉस्पिटलच्या अपघात विभागात जा. रिपोर्ट आले की आकडे इथेच लिहा, मी रात्री बघते.